डावीकडचे आरे

दुकानाला पाटी नव्हती. दारावरच्या खिळ्याला एक रिकामी रिम टांगलेली होती, तीच पाटी. उताराच्या रस्त्यावर वरच्या टोकाला दवाखाना, खालच्या टोकाला बाजार आणि मधोमध हे दुकान. चढणाऱ्याला दम लागला की तो इथे थांबायचा आणि उतरणाऱ्याचा ब्रेक लागला नाही की तोही इथेच थांबायचा. दोन्हीकडून गिऱ्हाईक.

दुकान दोघा भावांचं होतं, पण तसं कोणी म्हणत नसे. थोरल्याला बायको सोडून सगळी गल्ली दादा म्हणायची. आणि धाकटा तो धाकटाच. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, वाचायला चष्मा लागला, तरी लोक म्हणायचे, “दादा नाही? मग धाकट्याला बघायला सांगा.” त्या ‘मग’मध्ये त्याचा सगळा जन्म मावत होता. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. वाईट वाटायला आधी आपण कोणी दुसरे असू शकलो असतो असं वाटावं लागतं, आणि तेवढी सवड त्याला मिळाली नव्हती. लग्न राहून गेलं. दुकानामागच्या दोन खोल्यांपैकी एकीत दादा आणि वहिनी, दुसरीत हा आणि जुने टायर.

कामाची वाटणी ठरलेली होती. पंक्चर, चेन, ब्रेक, सीट हे धाकट्याचं. चाक दादाचं.

सायकल वापरून वापरून चाकाचे आरे सैल होतात. मग चाक सरळ फिरत नाही, कडेकडेने डुलत जातं. या डुलण्याला आऊट म्हणतात आणि तो काढणारा माणूस प्रत्येक दुकानात एकच असतो. दादाने सायकलचा एक जुना चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, लाकडी ठोकळ्यावर उलटा बसवून घोडी केली होती. चाक सायकलवरून उतरवून तो त्या घोडीवर चढवायचा, बोटाने फिरवायचा आणि चिमट्याच्या दोन पायांमध्ये रिम कुठे उजव्या पायाला खेटते, कुठे डाव्या, ते बघायचा. हातात छोटा चपटा पाना. डावीकडचे आरे रिमला डावीकडे ओढतात, उजवीकडचे उजवीकडे. चाक सरळ उभं असतं ते या भांडणामुळेच. एक आवळायचा तर समोरचा तेवढाच सोडायचा. नुसतं आवळत गेलात तर चाक एक दिवस फट्‌कन वाकतं आणि त्याचा द्रोण होतो.

धाकट्याने पोरवयात असे पुष्कळ द्रोण केले. दर वेळी पान्याची मूठ टाळक्यात बसायची. “एका डोळ्याचा आहेस का रे? दोन्हीकडून बघ! चाकाला दोन बाजू असतात!” पुढे त्याला जमायला लागलं, पण तोवर सवय झाली होती. त्याने आऊट काढला तरी शेवटचा हात दादाच फिरवायचा. चाक दादाने ‘हं’ म्हटल्याशिवाय घोडीवरून उतरत नसे.

मग एका सकाळी दादाच्या डाव्या हातातून चाक निसटलं, घरंगळत रस्त्यावर गेलं, आणि दादा त्याच्याकडे न बघता उजव्या हाताने हवेतच पाना फिरवत राहिला. धाकटा आधी चाकामागे धावला. नंतर त्याला या गोष्टीची फार शरम वाटे, की आपण आधी चाकामागे धावलो.

दादा दवाखान्यात होता तेवढे दिवस सगळी चाकं धाकट्याने केली. कोणाचं काही बिनसलं नाही. कोणी परत आलं नाही. संध्याकाळी हात धुताना त्याला एकदा शीळ घालावीशी वाटली. त्याने घातली नाही.

दादा घरी आला तेव्हा डावा पाय ओढत चालत होता, डावा हात धरायचा पण धरला आहे हे विसरायचा. तोंड मात्र होतं तसंच. वहिनी म्हणाली, “जायला हवं होतं ते नेमकं शाबूत राहिलं बघा, भावजी.” आणि पदराने डोळे पुसले. हसता हसता पुसले की कसे, ते धाकट्याला कळलं नाही.

विचित्र गोष्टी हळूहळू दिसायला लागल्या. दादा दाढी करून आला की उजवा गाल गुळगुळीत आणि डावा तसाच. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज थडकायचा आणि दादा चौकटीला शिव्या द्यायचा. जेवताना तर रोज तमाशा.

“आज भाजी केली नाहीस?”

“केली की. ताटात आहे.”

“कुठे आहे? नुसता भात वाढलायस.”

“अहो, डोळ्यांसमोर आहे!”

“माझ्या डोळ्यांसमोर भात आहे. तुझ्या डोळ्यांसमोर असेल भाजी, तूच खा.”

ताटाची उजवी अर्धी बाजू चाटूनपुसून स्वच्छ असायची. डावी अर्धी जशी वाढली तशी.

चाकाचंही तेच झालं. दादा घोडीसमोर खुर्ची टाकून बसला, चाक फिरवलं, पाना चालवला, आणि अर्ध्या तासात म्हणाला, “घे. लोण्यासारखं फिरतंय.” खरंच फिरत होतं. आऊट औषधालाही नव्हता. पण सबंध रिम उजव्या पायाला चिकटायला आली होती, आणि डावीकडे एवढी फट की अंगठा जाईल. दादाने फक्त उजवीकडचे आरे आवळले होते. डावीकडच्या एकालाही हात लागला नव्हता, धूळसुद्धा तशीच होती.

“दादा,” धाकटा म्हणाला, “डावीकडे जरा...”

“डावीकडे काय?”

“फट जास्त दिसतेय.”

दादाने वाकून पाहिलं. उजव्या पायाजवळ नख सरकवलं. “कुठे? एकसारखी तर आहे. आता तू मला शिकवणार?”

 दादा आत गेल्यावर धाकट्याने चाक पुन्हा घोडीवर चढवलं आणि मध्यावर आणलं.

दवाखान्यातली नर्सबाई रोज सायकलवरून यायची जायची. मोकळ्या मनाची, मोठ्याने बोलणारी बाई. धाकट्याने तिला उताराच्या कडेला थांबवून विचारलं.

“त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “डावीकडचं दिसतं त्यांना. पण डावीकडे काही असतं, हेच त्यांच्या डोक्यातून गेलंय. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही म्हणून आपण चुकल्यासारखं वाटून घेतो का? तसंच.”

“मग सांगून उपयोग?”

“सांगा की. ते ऐकतील, हो म्हणतील, आणि तुम्ही वेडे झालात असं समजतील.”

“बरं होतं हे?”

“काहींचं होतं हळूहळू.” तिने पायडल सरळ केलं. “हाताला काम असू द्या मात्र. रिकामं बसवू नका त्यांना.”

वहिनीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती.  ती म्हणाली, “म्हणजे पलंगावर मी त्यांच्या डावीकडे झोपते, तर मी नाहीच का?”  मग तिनेच स्वतःला सावरलं. “चला, एका अर्थी बरंच आहे. घोरते म्हणून बोलणार नाहीत.”

युक्ती वहिनीचीच. दादाचं अर्धं ताट संपलं की ती म्हणायची, “पाणी देऊ?” आणि पेला ठेवता ठेवता ताट फिरवायची. डावीकडची भाजी उजवीकडे यायची. दादा खूश. “आत्ता वाढलीस होय!” धाकट्याने हे दोन-तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी दुकानात दादाची उजवी बाजू पुरी झाल्यावर म्हणाला, “दादा, चहा घे.” दादा कपाकडे वळला. धाकट्याने चाक घोडीवरून उचललं, उलटवलं आणि परत ठेवलं. चहा संपवून दादाने फिरवून पाहिलं. “अजून आहे की थोडं. हे कसं राहिलं?” आणि उरलेले आरे लावायला घेतले.

चाक मध्यावर आलं. थोडं ताणलेलं जास्त, पण मध्यावर. धाकट्याला त्या दिवशी एवढं हलकं वाटलं की त्याने गिऱ्हाइकाच्या सायकलला न सांगता तेल घातलं. मग हा रिवाजच झाला. चाकाच्या मध्यावर चहा. लोक म्हणायला लागले, दादा सावरला. दादाचा हात होता तिथे आला. नर्सबाईनेही एकदा एक चाक फिरवून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” धाकटा हसला. चहाचं तिला सांगायला हवं होतं. पण तिचा आनंद असा तोंडभर होता आणि दादा तिथेच बसला होता, तर त्याने मान हलवली, झालं.

एके दिवशी धाकटा ट्यूब आणायला बाजारात गेला होता. वहिनी मागच्या नळावर. त्या वेळात नर्सबाई आली. पुढचं चाक डुलत होतं. तिची ड्यूटी सुरू व्हायला अवकाश होता. “दादा, तुम्हीच करा,” म्हणाली. दादाने केलं. बिनचहाचं केलं. मग त्याच्या त्या एका हाताने आणि तिच्या दोन हातांनी मिळून चाक सायकलवर चढवलं. धाकटा परतला तेव्हा दादा खुर्चीत पाय पसरून बसला होता. “बाईचं चाक करून दिलं. तुझी वाट बघायची गरज नाही पडली.”

“कधी गेल्या?”

“आत्ताच की. वर.”

धाकटा पिशवी टाकून चढावर धावला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. आत सायकलींच्या रांगेत तिची सायकल सापडेना. पहारेकऱ्याने सांगितलं की त्या आज बाहेरच्या कामावर गेल्या, नदीपलीकडच्या वस्तीवर, घरोघरी. कधी येतील? ते कसं सांगणार. धाकटा थोडा वेळ फाटकाशी उभा राहिला. नदीपलीकडे जाणारे रस्ते दोन होते. एकावरून तो गेला असता तर ती दुसऱ्याने आली असती. हे त्याने स्वतःला सांगितलं आणि दुकानात परत आला. खरं तर पुढे गेलो आणि ती भेटली तर काय सांगायचं, हेच त्याला उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या शिपायाने सायकल आणून भिंतीला टेकवली. “उतारावर पडल्या,” एवढंच म्हणाला.

धाकट्याला चाक वाचायला क्षणही लागला नाही. रिम पूर्ण उजवीकडे. ब्रेकचा उजवीकडचा ठोकळा टायरला घासत राहिलेला, रबर चिरत गेलेला, उतारावर जोर आला तिथे टायर फाटलेला आणि नंतर चाक वाकलेलं. दादाच्या हाताचं सगळं काम त्यात जागच्या जागी दिसत होतं. डावीकडच्या आऱ्यांवरची धूळसुद्धा.

“भावजी,” वहिनी पाठीमागून म्हणाली. तिनेही पाहिलं होतं. “यांना सांगू नका.”

“मग काय करू?”

“ते मला काय माहीत? पण हातातला पाना गेला तर हे भिंतीकडे तोंड करून बसतील. मी ओळखते यांना. मग मला उजवीकडेही नवरा राहायचा नाही.”

नर्सबाई त्याच संध्याकाळी आली. चालत आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. कपाळावर खरचटलेलं. ती सरळ दादाच्या समोर येऊन उभी राहिली.

तिचा उजवा हात दादाच्या डावीकडे होता.

“या बाई!” दादाचा चेहरा फुलला. “काय म्हणतंय चाक?”

नर्सबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग धाकट्याकडे. तिला एका क्षणात कळलं, म्हणजे जे तिनेच त्याला शिकवलं होतं ते तिला आत्ता कळलं. प्लास्टरचा तो एवढा मोठा पांढरा हात दादाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता आणि दादा हसत होता.

“छान चालतंय,” ती म्हणाली.

“चालणारच. लोक म्हणतात दादा संपला. सांगा त्यांना.”

“सांगते की.”

“हळू बोलताय आज? एरवी दवाखान्यातून हाक मारलीत तरी इथे ऐकू येतं.”

“दमलेय थोडी.”

“बसा मग. ए, बाईंना स्टूल दे.”

धाकट्याने स्टूल दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दादाने सांगितलेलं काम त्याच्या हातून झालं नाही. तो दादाच्या खुर्चीमागे गेला, तिची पाठ धरली आणि खुर्ची डावीकडे वळवली. का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. एवढंच की ते हसू थांबायला हवं होतं.

“अरे, अरे, काय करतोयस?” दादा ओरडला, आणि मग थांबला. तो हात आता त्याच्या उजवीकडे आला होता. “बाई! हे काय झालं? आत्ता तर धड होतात!”

दादा खुर्चीत पुढे वाकला.

“पडलात?”

“हो.”

“सायकलवरून?”

नर्सबाईने प्लास्टरचा हात जवळ ओढून घेतला. दादाची नजर फिरत फिरत भिंतीला टेकवलेल्या सायकलवर गेली. वाकलेलं चाक तो बघत राहिला. त्या चाकाची मात्र उजवी बाजू त्याला पूर्ण दिसत होती. त्याचा जबडा आवळला गेला.

“हे मी केलेलं चाक नाही,” तो म्हणाला. “माझ्या हातून गेलं तेव्हा एकसारखं होतं. कोणी हात लावला याला नंतर?”

आता बोलायचं होतं. धाकट्याला ते अगदी स्वच्छ दिसत होतं. एक वाक्य. दादा, तुला डावी बाजू कळत नाही. नर्सबाई तिथे होती, ती समजावून सांगू शकली असती. वहिनी दारात उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. धाकट्याने तोंड उघडलं.

“मी लावला, दादा.”

ते शब्द त्याने निवडले नव्हते. ते पोरवयापासून तिथे तयार बसले होते.

दादा एकदम चिडला नाही. तेच वाईट होतं. “एका डोळ्याचा आहेस का रे?” तो हळू आवाजात म्हणाला. “जन्मभर सांगितलं. बाईमाणसाचा हात मोडलास.” मग उजवा हात पुढे केला. “पाना दे तुझा.”

धाकट्याने खिशातून काढून दिला.

“उद्यापासून चाकाला शिवायचं नाहीस. एकाही. सगळी मी करीन. तुझी पंक्चरं तू कर.”

“हो, दादा.”

नर्सबाई निघाली तसा धाकटा रस्त्यापर्यंत तिच्याबरोबर गेला. “हे काय केलंत?” ती म्हणाली. मोठ्याने बोलणारी बाई कुजबुजत होती. “माझा हात जुळेल. उद्या कोणाची मान मोडेल. त्यांना चाकं देऊ नका.”

“हो, बाई.”

“हो म्हणजे नाही देणार ना?”

“हो.”

 ती मान हलवून चढावर गेली. वहिनीनेही आत विचारलं, “भावजी, अंगावर का घेतलंत?” त्यालाही तो ‘हो’ म्हणाला. प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. पण वहिनीने पुढे विचारलं नाही. तिने त्याला चहा दिला आणि कप त्याच्या हातात ठेवताना तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, ती दुकानातल्या घोडीकडे बघत होती.

सकाळी दादा लवकर खुर्चीत येऊन बसला. अर्धी दाढी केलेली होती. “बाईंचं चाक आधी,” म्हणाला. “नवी रिम काढ. आरे भर. आरे भरायला ना नाही, बाकी हात लावायचा नाही.” धाकट्याने नवी रिम काढली, आरे भरले, चाक घोडीवर चढवलं. सगळे आरे सैल, चाक नुसतं लटपटत होतं.

“चहा?” धाकट्याने विचारून पाहिलं.

“नको. कामात चहा पिण्यानेच सगळी घाण होते. काम झाल्यावर.”

दादाने पाना चालवायला घेतला. उजवीकडचा एक आरा, मग पुढचा. रिम सरकू लागली. धाकटा पंक्चरच्या पाटावर बसून बघत होता. दवाखान्यातून सायकलवर कोणीतरी उतरत गेलं, घंटी वाजवत. आणखी दोघं गेली. दुपारपर्यंत या घोडीवरून किती चाकं रस्त्यावर जाणार होती.

तो उठला. हत्यारांच्या डब्यात तळाशी एक जुना पाना होता, त्याच्या पोरवयाचा, मूठ झिजलेली. तो घेतला. लहान स्टूल उचललं आणि दादाच्या मागून फिरून डावीकडे नेऊन ठेवलं, दादाच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, आणि बसला. श्वास धरून बसला. दादाने मान वळवली नाही. दादासाठी तिथे भिंतही नव्हती.

दादाने उजवीकडचा आरा आवळला. धाकट्याने डावीकडचा. चाक अर्ध्या बोटाने पुढे सरकलं. दादाने सोडला, धाकट्याने आवळला. पुढे. रिम मध्याकडे यायला लागली.

“हं,” दादा स्वतःशीच म्हणाला. “आज कशी जागेवर येतेय बघ.”

मग त्याला ते कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. त्याने पंक्चरच्या पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. त्याने रस्त्याकडे पाहिलं.

“ए! कुठे गेलास?”

धाकट्याच्या गुडघ्याला दादाचा विसरलेला डावा हात टेकलेला होता.  धाकट्याने पुढच्या आऱ्याला पाना लावला.

“कामाच्या वेळेला नेमका गायब,” दादा रस्त्याला म्हणाला, आणि मोठ्याने, बाजारापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, “ए धाकट्या!”